पागनीस कुळाचे शुद्धिपत्र

साखरपुड्याच्या सकाळी मीनाक्षी श्रीखंडात वेलदोड्याची पूड घालत होती, आणि तिच्या समोर ओट्यावर मनोहरभावजींनी कुलवृत्तांताची मुद्रितं पसरली होती. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या त्या चार बेडरूमच्या घरात दोन टेबलं होती, एक डेस्क होतं. पण भावजींना संपादनाला ओटाच लागे. तिथे बसलं की घरात कोण काय बोलतं ते आपोआप कानावर येतं, हे मात्र ते कबूल करत नसत.

"पान दोनशे बारा बघून घे," ते म्हणाले. "तुमची शाखा आहे. आज संध्याकाळी पुण्याला ई-मेल केली की सुटलो. मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी अक्षर बदलणार नाही."

मीनाक्षीचे हात माखलेले होते. तिने वाकून वाचलं. शैलेंद्र वामन पागनीस, अभियंता, वास्तव्य अमेरिका. पत्नी सौ. मीनाक्षी, माहेरचे आडनाव कारखानीस, वाई. त्याखाली कन्या रुचा, आणि रुचाच्या पतीच्या नावापुढे रिकामी जागा. तो मजकूर आज मिळायचा होता.

"भावजी, माझ्या माहेरचं नाव या आवृत्तीत तरी नीट करा ना." हे वाक्य ती आठवडाभर मनात घोळवत होती. प्रत्यक्षात निघालं ते, साखर कमी वाटते का, असं विचारावं तसं निघालं.

"नीटच आहे."

"माझे वडील कासार होते. कृष्णा कासार. साताऱ्याचे."

भावजींनी जिन्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला. "हळू बोल. अरुण वर झोपलाय."

झालं होतं ते असं. भावजींचा धाकटा भाऊ शैलेंद्र अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्याच आळीत बांगड्या भरणाऱ्या कृष्णा कासाराच्या नंदाच्या प्रेमात पडला. पागनिसांनी सहा महिने आकांडतांडव केलं, मग शैलेंद्रला दुसरी कोणी पसंतच पडेना म्हटल्यावर होकार दिला. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिलं गेलं आणि नंदाची मीनाक्षी झाली. तो रिवाजच होता, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. आडनाव गेलं ते पाच वर्षांनी, कुलवृत्तांताच्या पहिल्या आवृत्तीत. त्या ग्रंथाच्या शेवटी सुनांच्या माहेरच्या आडनावांची सूची होती. कुठकुठल्या घरच्या मुली पागनिसांनी केल्या, त्याची ती मिरवणूक. संपादक मनोहर पागनिसांना त्या मिरवणुकीत 'कासार' हे नाव डोळ्यांत खुपलं. त्याच्या बरोबर वर 'कारखानीस' होतं, कारण त्यांची एक काकू वाईच्या कारखानिसांची. त्यांनी मीनाक्षीला एक ओळ वर सरकवलं.

"यात खोटं काही नाही. मांडणीची सोय आहे," असं त्यांनी तेव्हा शैलेंद्रला सांगितलं होतं. शैलेंद्रने ते ऐकून घेतलं होतं. ऐकून घेण्यात त्याचा हात धरणारा पागनीस कुळात दुसरा नव्हता.

आता पागनीस म्हणजे तरी काय? पागेतल्या घोड्यांना चंदी किती लागली ते लिहून ठेवणारा कारकून. पण ते काम तीनशे वर्षांपूर्वी बंद पडलं, म्हणून त्याला घराणं म्हणायचं. आणि बांगड्या भरणं कालपरवापर्यंत चालू होतं, म्हणून तो धंदा. याच पागनिसांच्या घरात जी जी नवरी आली, तिच्या हातात हिरवा चुडा कृष्णा कासारानेच भरला होता. भावजींच्या बायकोच्याही.

पहिली आवृत्ती छापून आली तेव्हा मीनाक्षीच्या वडिलांनी ती बघायला मागितली होती. हात धुऊन आले, चष्मा लावला, मुलीचं पान काढायला सांगितलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटून दोन्ही हातांनी परत दिलं आणि म्हणाले, "छपाई चांगली आहे." त्यानंतर आठ वर्षं ते जगले, पण या विषयावर कधी बोलले नाहीत. मीनाक्षीला आयुष्यात कशाची खरी शरम वाटत असेल, तर आपण तेव्हा गप्प बसलो याची.

आणि वर झोपलेला अरुण कारखानीस? ती त्याच सूचीची कमाई. शहाण्णव साली तो नोकरीवर मिशिगनला आला, तिथल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळाच्या कपाटात त्याला हा ग्रंथ सापडला, सूचीत 'कारखानीस, वाई' दिसलं, आणि त्याने फोन लावला. "वाईचे कारखानीस म्हणजे आमचेच की! तुम्ही कोणाच्या?" मीनाक्षी दिवसभर घरात एकटी होती आणि सकाळपासून तिच्याशी मराठीत कोणी बोललं नव्हतं. ती म्हणाली, "लांबच्या." अरुण म्हणाला, "लांबच्या कसल्या, ताई!" तेव्हापासून दहा भाऊबिजा झाल्या. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा तो रजा काढून आठ दिवस येऊन राहिला, रोज वरणभात केला आणि रोज वरण खारट केलं. तिला सख्खा भाऊ नव्हता. कालही तो अकरा तास ड्राइव्ह करून आला होता, भाचीच्या साखरपुड्यात मामा म्हणून उभं राहायला.

"नाव खरं केलंस तर आज मामा म्हणून कोणाला उभं करणार आहेस?" भावजींनी चष्मा परत चढवत विचारलं. त्यांना दुखरी जागा नेमकी माहीत होती.

मीनाक्षीने श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवलं.

*

ली मंडळी अकराची वेळ दिली होती तर बरोबर अकराला आली. पागनिसांकडे असं आजवर कोणी केलं नव्हतं, त्यामुळे शैलेंद्र अजून गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्या पुसत होता. पुढे डेरेक, रुचाचा नवरामुलगा, कुर्त्याची कॉलर चाचपत. मागून त्याचे वडील फ्रँक, रालीला दातांचा दवाखाना असलेले. आणि त्यांच्या हाताला धरून शहाऐंशी वर्षांचे आजोबा. डेरेक त्यांना 'येये' म्हणायचा, म्हणून रुचाही येये म्हणायची. त्यांच्यासाठी तिने सहा महिने संध्याकाळच्या चिनी भाषेच्या वर्गात जाऊन अक्षरं गिरवली होती. आईला तिने मोठ्या कौतुकाने 'ली' काढून दाखवलं होतं: वर झाड, खाली मूल.

"वेलकम, वेलकम!" अरुणने सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले. "मी मामा. मदर्स ब्रदर. व्हेरी इम्पॉर्टंट."

मीनाक्षी चहाचे कप घेऊन येत होती. तिने कप नीट धरले.

मनोहरभावजींनी फाइल उघडली. सहा महिन्यांच्या व्हिसाचे चार महिने त्यांनी कॅरीच्या लायब्ररीतल्या इंटरनेटवर सत्कारणी लावले होते. "डॉक्टर ली," ते इंग्रजीत म्हणाले, "तुमचं आडनाव नऊ कोटींच्यावर लोकांचं आहे, याची आपल्याला कल्पना आहे का?"

"वेटिंग रूममध्ये रोज येते," फ्रँक म्हणाले.

"आमच्या ग्रंथात एकूण चारशे अठरा पागनीस आहेत. दिवंगत धरून."

"मग तुमचं पुस्तक उचलता तरी येत असेल."

अरुण मोठ्याने हसला. भावजी हसले नाहीत. त्यांनी पुढचा कागद काढला. "तांग घराण्याचे राजे ली होते. पण पराक्रम केलेल्या सेनापतींना ते आपलं आडनाव बक्षीस देत. शिवाय सरहद्दीवरच्या कितीतरी टोळ्यांनी चिनी आडनावं उचलली. म्हणजे सगळे ली काही राजवंशातले नव्हेत. आपण त्यांतले कोणते?"

"दातांचे," फ्रँक म्हणाले. मग पाहुणचाराला जागून त्यांनी चर्चेत मन घातलं. "नावं अशीच पसरतात, मिस्टर पागनीस. चेन हे आडनाव घ्या. फार जुनं, छोटंसं राज्य होतं ते. राज्य बुडालं, लोकांनी नाव ठेवलं. मग लढाया, दुष्काळ. लोक दक्षिणेकडे सरकत गेले. जिथे गेले तिथल्या बोलीत नाव वळलं. कुठे चॅन, सिंगापूरला टॅन, आमच्या लोकांच्या खेड्यांत चिन. लिहिताना अक्षर एकच."

"आणि लग्नं? एका आडनावात?"

"छे! जुनी माणसं ऐकायची नाहीत. ली मुलाला ली मुलगी चालणार नाही, भले दोघांच्या गावांत हजार मैल असोत."

"म्हणजे सगोत्र वर्ज्य!" भावजी खुर्चीत पुढे सरकले. "शैलेंद्र, ऐकलंस? सुसंस्कृत लोक आहेत."

"माझ्या बाबांचं तर त्याहून कडक," फ्रँक हसत म्हणाले. "मला सांगून ठेवलेलं, ली मुलगी नाही आणि चिन मुलगीही नाही. चिन का नाही ते मला अजून कळलेलं नाही."

आजोबा चहाच्या कपात बघत होते.

एवढ्या अनुकूल वातावरणात भावजींनी माहितीपत्रक बाहेर काढलं नसतं तरच नवल. एकतीस प्रश्न, खास इंग्रजीत भाषांतर केलेले. रुचाने कपाळाला हात लावला. "मनोहरकाका, प्लीज. नॉट नाउ."

"दोन मिनिटांचं काम आहे. ज्येष्ठांनीच भरायचं असतं."

आजोबांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, वाचला. आणि हसायला लागले. डेरेकने त्यांना कधी असं हसताना पाहिलं नसावं, कारण तो उठून उभा राहिला.

"सेम क्वेश्चन्स," आजोबा म्हणाले.

मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत घडाघडा उत्तरं द्यायला सुरुवात केली. घर गावात उत्तरेकडून चौथं. पायऱ्या तीन. विहीर पूर्वेला. शेजाऱ्याचा एक डोळा अधू. थोरल्या भावाचं लग्न चिनी पंचांगातल्या ससा-वर्षात. ऐकता ऐकता भावजींचं पेन धावत होतं. "काय स्मरणशक्ती! अरुण, बघ! नाहीतर आपल्याकडे आजोळचं गाव विचारलं तर गूगल करतात."

शेवटी एक चौकट उरली: आडनाव, मूळ लिपीत, कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीच्या हस्ताक्षरात. आजोबांनी पेन घेतलं आणि थांबले. इतके थांबले की शैलेंद्रला वाटलं, पेन बंद पडलं; तो दुसरं शोधू लागला. मग त्यांनी सावकाश एक अक्षर काढलं.

"मी वाचते!" रुचा उत्साहाने कागदावर वाकली. मीनाक्षीला मुलीचा चेहरा दिसत होता. त्यावर आधी हसू होतं, मग गोंधळ. झाड आणि मूल तिथे नव्हतं. रुचाने आजोबांकडे पाहिलं, आणि ती सरळ झाली.

"काय लिहिलंय?" भावजींनी विचारलं. "ली ना?"

"नाही," आजोबा म्हणाले. "चिन."

*

आजोबांचं इंग्रजी तुटक होतं, पण त्या दिवशी ते सगळ्यांना समजलं.

"ली कागदावरचं. १९३६ साल. चिनी मजुराला येऊ देत नव्हते, कायदा होता. इथल्या नागरिकाचा मुलगा असला तर येता यायचं. ली नावाचा एक माणूस होता. त्याच्याजवळ मुलाचा कागद होता, मुलगा नव्हता. माझ्या बापाने तो कागद विकत घेतला. मी सोळा वर्षांचा. बोटीवर पाठ केलं. घर, पायऱ्या, विहीर. मग उत्तरांची चिठ्ठी समुद्रात टाकली. सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या बेटावर तीन आठवडे हेच विचारत होते." त्यांनी माहितीपत्रकावर बोट ठेवलं. "तुम्ही बरे. चहा देता."

अमेरिकेच्या सरकारला जे सत्तर वर्षांत जमलं नव्हतं ते मनोहर वामन पागनिसांच्या एकतीस प्रश्नांनी पाऊण तासात करून दाखवलं. या यशाने त्यांना आनंद झालेला दिसत नव्हता.

"लिंडा चिन," फ्रँक म्हणाले.

ते वडिलांकडे वळले.

"डॅड. लिंडा चिन. १९७३. तुम्ही मला सांगितलंत तिच्याशी लग्न केलंस तर घरात पाऊल टाकू नकोस. मी तुम्हाला कारण विचारलं. तीनदा विचारलं."

"सेम नेम," आजोबा म्हणाले. "कसं करू देणार?"

"पण मला सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर तू भांडणात कोणाला तरी बोलला असतास. मला हाकललं असतं. त्या खऱ्या लीच्या घरालाही."

फ्रँक उठले आणि मागच्या डेकवर जाऊन उभे राहिले. डेरेक तसाच उभा होता. "सो हू अ‍ॅम आय?" तो रुचाला म्हणाला.

"यू आर डेरेक. सिट," रुचा म्हणाली, आणि त्याचा हात धरून तिने त्याला खाली बसवलं.

"पण येये, आत्ताच का? इथे का?" डेरेकने विचारलं.

आजोबांनी पेनाचं टोपण लावलं. "तेव्हा मला आत यायचं होतं. आता बाहेर जायचंय. थडग्याच्या दगडावर खरं नाव लागतं. आणि ही मुलगी घरात येते. तिला कुठल्या घरात येते ते माहीत पाहिजे."

मीनाक्षीच्या हातात बिस्किटांची बशी होती. ती कुणापुढे करायची हे तिला सुचेना. खोटं नाव सत्तर वर्षं सांभाळलेला हा म्हातारा रुचाला लग्नाआधीच खरं सांगून मोकळा झाला होता. आपण आपल्या मुलीला छापील पान दाखवत आलो. तिला स्वतःचा संताप आला.

*

पागनिसांची बैठक लाँड्री रूममध्ये भरली, कारण तेवढ्याच खोलीचं दार नीट लागत असे. ड्रायर चालू होता. भावजी वॉशरला टेकले.

"आडनाव विकत घेतलेलं!" ते कुजबुजत ओरडले. "मी आता काय छापू? ली छापलं तर खोटं. चिन छापलं तर पासपोर्टात नाही. तेवीस वर्षं मी या ग्रंथाची विश्वासार्हता जपलीय. शैलेंद्र, साखरपुडा पुढे ढकल. सहा महिने चौकशी करू."

"दादा म्हणतो तर..." शैलेंद्र साबणाच्या डब्यावरची माहिती वाचत म्हणाला. "पोस्टपोन करता येईल. म्हणजे रुचाला विचारून. मुलगा चांगला आहे, पण दादाचाही..."

"आजोबा गोड आहेत यार, त्यात वाद नाही," अरुण म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. "पण ताई, मनोहररावांच्या म्हणण्यात पॉइंट आहे. आडनाव म्हणजे शेवटी विश्वास असतो. मी तुला पहिला फोन केला तो कशाच्या जोरावर? कारखानीस वाचलं म्हणूनच ना?"

भावजींनी अरुणच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ. माहेरचा माणूस काय म्हणतोय ते तरी ऐक."

मीनाक्षीला वाटलं होतं की हे आपण कधी बोललो तर रडत बोलू. पण तिला रडू आलं नाही. भावजींचा तो अरुणच्या खांद्यावरचा हात बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"त्यांनी निदान पैसे मोजले होते, भावजी," ती म्हणाली. "मला तुम्ही फुकटात कारखानीस केलंत."

ड्रायर तेवढा फिरत राहिला.

"म्हणजे?" अरुणने विचारलं.

"मीनाक्षी, ही वेळ नव्हे..."

"अरुण, मी कारखानीस नाही. वाईला मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा गणपतीला. माझे वडील साताऱ्यात बांगड्या भरायचे. कृष्णा कासार. यांना ते नाव सूचीत बरं दिसेना, म्हणून यांनी मला वरच्या ओळीत ढकललं. तुझा फोन आला तेव्हा मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दहा वर्षं तुझ्याकडून ओवाळणी घेतली."

अरुणचा चेहरा एकदम उतरला. "तू लांबच्या म्हणाली होतीस."

"लांबच्या म्हणजे कोणाच्याच नाही, अरुण."

तो शैलेंद्रकडे वळला. "भावोजी, तुम्हाला माहीत होतं?"

शैलेंद्रने साबणाचा डबा खाली ठेवला. "होतं," तो म्हणाला. त्याने असं एका शब्दाचं सरळ उत्तर दिल्याचं मीनाक्षीला बऱ्याच वर्षांत आठवत नव्हतं.

अरुण दार उघडून बाहेर गेला. मग पुढच्या दाराचा आवाज आला. मीनाक्षी हॉलच्या खिडकीशी आली. ड्राइव्हवेमध्ये त्याची गाडी दिसत होती, आणि तो आत जाऊन बसल्याचं दिसलं. आता गाडी सुरू होईल, म्हणून ती उभी राहिली. गाडी सुरू झाली नाही. तिला त्याच्यामागे जावंसं वाटत होतं. पण एक काम आधी होतं. ते आत्ता झालं नाही तर पुन्हा तेवीस वर्षं होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती ओट्यापाशी गेली. पान दोनशे बारा वरच होतं. पेनासाठी तिने इकडेतिकडे पाहिलं, तेव्हा शैलेंद्रने आपल्या खिशातलं काढून तिच्यापुढे धरलं.

"पानं लावून झालीत!" भावजी मागोमाग आले. "एक ओळ हलली की सूची हलते. तुम्हाला छपाईतलं काही कळत नाही."

"मग शुद्धिपत्र छापा."

"शुद्धिपत्र संपादकाच्या चुकांचं असतं!"

"हो," मीनाक्षी म्हणाली.

तिने कोरा कागद घेतला आणि लिहिलं: पृष्ठ २१२. 'कारखानीस, वाई' ऐवजी 'कासार, सातारा' असे वाचावे. वडील कृष्णा कासार. त्याखाली: कन्या रुचा, पती डेरेक ली, मूळ घराणे चिन. दोन्ही छापावे.

"हे मी पाठवणार नाही," भावजी म्हणाले.

"मी पाठवतो, दादा," शैलेंद्र म्हणाला. "पासवर्ड माझाच आहे."

आजोबा हळूहळू चालत ओट्यापर्यंत आले होते. त्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी पहिल्या ओळीखाली बोट फिरवलं. "ही कोणाची?"

"माझे वडील," मीनाक्षी इंग्रजीत म्हणाली. "बांगड्या भरायचे. नवऱ्यामुलींना." तिने रुचाचा हात घेतला, अंगठा आत दुमडला, बोटं जुळवून दाबली आणि रिकाम्या हवेतून एक बांगडी मनगटावर चढवून दाखवली. वडील असंच करायचे. बांगडी पिचली तर शपथ, म्हणायचे. रुचा आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आईचे वडील खरे कोण होते हे तिला सव्विसाव्या वर्षी कळत होतं. मीनाक्षी भावजींकडे वळली. "यांच्या बायकोलाही त्यांनीच भरल्या."

"चांगलं काम," आजोबा भावजींकडे बघत आदराने म्हणाले. "आमची लाँड्री होती. हात फार दुखायचे."

भावजींनी मुद्रितं गोळा करायला घेतली. एक पान उलटं लागलं, ते काढून त्यांनी सरळ लावलं. फ्रँक डेकवरून आत आले, डोळे लाल, आणि बापाशेजारची खुर्ची ओढून बसले. शैलेंद्रने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि प्रथेप्रमाणे गॅरेजकडे न जाता तिथेच थांबला.

पुढचं दार उघडलं. अरुण होता. हातात साडीचा मोठा बॉक्स.

"डिकीत राहिला होता," तो म्हणाला.

"अरुण..."

"मला राग आलाय. खूप आलाय. तू आत्ता काही बोलू नकोस." त्याने बॉक्स छातीशी धरला होता. "बायकोला दहा वर्षं सांगतोय, ताई आमच्या वाईच्या घरातली. आमच्या बाबांना शेवटच्या दिवसांत तुझा फोटो दाखवला. म्हणाले, नाक अगदी आपल्याकडचं आहे." त्याचा आवाज मध्येच फुटला, आणि त्याच वेळी त्याला हसूही आलं, त्याचा इलाज नव्हता. "आपल्याकडचं नाक!"

मीनाक्षीने नाकाला पदर लावला. आता ती रडत होती.

अरुण रुचापाशी गेला. बॉक्स तिच्या मांडीवर ठेवला, खिशातून कुंकवाची पुडी काढली आणि भाचीच्या कपाळाला कुंकू लावलं. डेरेकलाही लावलं. आजोबांनी आपणहून कपाळ पुढे केलं, तेव्हा त्यांनाही.

"मुहूर्त टळतोय," भावजी सवयीने म्हणाले.

अरुण सरळ उभा राहिला. मीनाक्षीकडे न बघताच त्याने विचारलं, "मीनाक्षी हे इकडचं नाव ना? तिकडे काय म्हणायचे तुला?"

"नंदा."

ते नाव तिने वडील गेल्यापासून कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. स्वतःच्या तोंडून ऐकूनही तिला क्षणभर दुसऱ्याच कोणाचं वाटलं. अरुणने बाही सारून घड्याळ पाहिलं, हात धुतले, आणि ओट्याजवळची खुर्ची ओढून बसला.

"नंदाताई," तो म्हणाला, "पान वाढ. मला अकरा तास ड्राइव्ह करायचंय."